बॉयलरला पाणी कुणी दिलं

“पाण्याचा रंग न बघता नळी जोडायलाय. असला फिटर आमच्याकडं असता तर पहिल्याच दिवशी घरी पाठवला असता.”

आप्पा माझ्या कानाशी पुटपुटले. मी ओट्यापाशी चहा गाळत होते आणि ते इतके चिकटून उभे होते, की त्यांच्या मफलरचे धागे माझ्या मानेला टोचत होते. फिटर म्हणजे हरपाल. आमच्या स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यातल्या कपाटात डोकं खुपसून बसलेला. त्याला मराठी येत नव्हतं, हे आमचं नशीब.

इंग्लंडात कॉव्हेंट्रीतलं आमचं घर, जानेवारीतला शनिवार, आणि बॉयलर बंद पडून तिसरा दिवस. तिकडे बॉयलर म्हणजे कपाटात मावेल एवढा पांढरा डबा. तो पाणी तापवतो, ते पाणी नळ्यांमधून प्रत्येक खोलीतल्या लोखंडी रेडिएटरमध्ये फिरतं, भिंतींना ऊब देतं आणि गार होऊन परत डब्यात येतं. वर्षानुवर्षं तेच पाणी. डबा बंद पडला की घराचा फ्रीज होतो. तीन दिवस मी, माझा नवरा उदय आणि आप्पा अंगावर मिळेल ते चढवून कोबीच्या गड्ड्यांसारखे घरात फिरत होतो.

आप्पा माझे वडील. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. ऑगस्टमध्ये मिरजेहून सहा महिन्यांसाठी आले होते आणि परतीचं तिकीट अठ्ठावीस तारखेचं होतं. म्हणजे बारा दिवस उरले होते. मिरजेत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. आई गेल्यापासून सहा वर्षं तिथे ते एकटेच राहत होते. आपला स्वयंपाक आपण, आपलं दूध आपण तापवायचं. ते सगळं उत्तम चाललं होतं. अठ्ठावीसनंतर ते तसंच चालेल का, हा प्रश्न मात्र त्या थंडीत आमच्या घरात फिरत होता आणि कुणी तो तोंडातून बाहेर काढत नव्हतं.

म्हणजे बघा, ऑगस्टमध्ये आप्पांनी एकाच सकाळी दोनदा दाढी केली. आम्ही म्हटलं, विमानाचा शीण, वेळेचा गोंधळ. ऑक्टोबरमध्ये कोपऱ्यावरच्या बागेतून घरी यायला त्यांना दोन तास लागले. आम्ही म्हटलं, इथली घरं मेली सगळी सारखीच दिसतात, मीही चुकले होते. डिसेंबरमध्ये रिकामी किटली गॅसवर लालभडक झाली. तेव्हा उदय म्हणाला, “वय झालं आता,” आणि आम्ही तिघंही हसलो. आप्पा सगळ्यात मोठ्यानं हसले. आम्हा नवराबायकोत या सगळ्याला एक नाव पडलं होतं: ‘तेच’. त्याहून जास्त आम्ही बोलत नव्हतो.

हरपालने कपाटातून डोकं बाहेर काढलं. हातात चहा घेतला, पण प्यायला नाही. डब्याच्या खाली एक छोटी चंदेरी नळी होती आणि तिला दोन चिमुकले नळ. त्यावर त्याने बोट ठेवलं.

“बहनजी, इसमें पानी कौन भरता है?”

मग तो समजावून सांगायला लागला. पंजाबी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषा एकत्र मळून. मला त्या तशाच येतात, कॉव्हेंट्रीतल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासता घासता शिकलेल्या, त्यामुळे सगळं कळलं. हे पाणी एकदा भरलं की भरलं. वर्षातून एखाद्या वेळी थोडं घालावं लागतं. प्रेशरचा काटा एक ते दीडच्या मध्ये असला की झालं. इथे कुणीतरी रोज भरतंय. काटा तीनला गेला की एक झडप उघडते आणि जादा पाणी भिंतीबाहेर ओतते. आणि ती झडप एकदा उघडली की पुन्हा नीट बसत नाही, ठिबकत राहते. ताज्या पाण्याबरोबर ताजी हवा येते, हवेने आतलं लोखंड गंजतं आणि त्या गंजाचा काळा चिखल होऊन बॉयलरच्या नरड्यात बसतो. बाहेर जाऊन बघा, म्हणाला. मी बघून आले. बाहेरच्या नळीखाली भिंतीला वीतभर बर्फाची दाढी लोंबत होती.

“मैं भरती हूँ,” मी म्हणाले. “कभी कभी.”

हरपाल खांदे उडवून म्हणाला, हा डबा गेलाच, पण नवीन डबा जोडायच्या आधी सगळं घर धुवावं लागेल, प्रत्येक रेडिएटर. नाहीतर हा चिखल नव्यालाही महिनाभरात मारेल.

आप्पांनी चष्मा काढला, मफलरला पुसला, परत लावला.

उदय वरच्या खोल्यांमधले रेडिएटर उघडत होता. जिन्यात त्याने मला गाठलं.

“तू भरत होतीस पाणी?”

“हो.”

“तो नळ कुठल्या बाजूला फिरतो सांग.”

मी त्याच्या बाजूने खाली उतरायला लागले.

“मालन, आज शशीचा फोन येईल तेव्हा त्याला सांग.”

“काय सांगू?”

उदयने जिन्याच्या कठड्यावरची नसलेली धूळ पुसली. “तेच,” म्हणाला.

शशी माझा धाकटा भाऊ, पुण्याला असतो. दर शनिवारी फोन करतो. मी म्हटलं, आज बॉयलरचं होऊ दे. आज ही सबब होती. त्याआधी दिवाळी होती, त्याआधी त्याच्या मुलीची परीक्षा.

आप्पांबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. ते मिरजेच्या एका दूध डेअरीत चौतीस वर्षं बॉयलर अटेंडंट होते. शंकर तातोबा गुरव, पहिल्या वर्गाचं सर्टिफिकेट. ते सर्टिफिकेट आमच्या घरात देवांच्या शेजारी लावलेलं असायचं आणि त्यालाही उदबत्ती मिळायची. तो बॉयलर वाफेचा, खोलीएवढा. त्याच्या पुढ्यात एक उभी काचेची नळी असायची, तिच्यात आतलं पाणी किती आहे ते दिसायचं. पाणी काचेखाली गेलं की बॉयलर फुटतो आणि माणसं जातात. त्यामुळे आप्पांचा जन्म एका भीतीत गेला: पाणी कमी पडेल. आमच्या घरी आल्या दिवशी त्यांनी हा डबा बघितला आणि पहिलं वाक्य बोलले ते हे, की याला काच नाही. पाणी किती आहे ते माणसाला कळायचं कसं? मी तेव्हा हसले होते.

हरपालने आपलं यंत्र दारात मांडलं. एक पंप, दोन जाड नळ्या आणि त्यात मुठीएवढं लोहचुंबक. नळ्या जोडल्या, औषध घातलं, आणि यंत्र आतलं पाणी तापवून फिरवत घुरघुरायला लागलं. पाणी आलं ते शाईसारखं. काळंभोर, जाडसर. न्हाणीघरातल्या पांढऱ्या टबात ते पडायला लागलं तेव्हा मला उगाच लाज वाटली, जशी पाहुण्यासमोर पलंगाखालचा केर निघाल्यावर वाटते.

आणि आप्पा बदलले. पाठ सरळ झाली, मफलर खुंटीला गेला. हरपाल एकेक रेडिएटर उघडून त्याला रबरी हातोडीनं ठोकत होता, की चिकटलेला गाळ सुटावा. आप्पांनी दोन मिनिटं ते बघितलं आणि हातोडी सरळ काढून घेतली. वरून नाही, खालून ठोकायचं, गाळ खाली बसतो. त्यांनी एक लांब पेचकस मागितला, त्याचं टोक रेडिएटरला टेकवलं आणि मुठीला कान लावला. डोळे मिटून ऐकलं.

“हितं मोकळं आहे,” म्हणाले. मग चार बोटं सरकले. “आणि हितं बसलंय.”

हरपालने हात लावून बघितलं. बरोबर तेवढीच जागा गार होती. त्यानंतर तो आप्पांना उस्तादजी म्हणायला लागला. दोघं मिळून खोल्याखोल्यांत फिरले. आप्पा मराठीतून हुकूम सोडत होते, तो पंजाबीतून होकार देत होता आणि कुणाचं काही अडत नव्हतं. सगळ्यात जास्त गाळ आप्पांच्याच खोलीतल्या रेडिएटरमध्ये निघाला. ते इतके महिने थंडीत झोपत होते आणि बोलले नव्हते. विचारलं तर म्हणाले, मला वाटलं हितं असंच असतं.

जेवताना हरपालला त्यांनी डेअरीतली ‘चार्ज’ची गोष्ट सांगितली, आणि भाषांतर मी केलं. डेअरीत पाळी संपली म्हणून बॉयलर सोडून उठायचं नसतं. पुढच्या पाळीचा माणूस येणार, काच बघणार. मग जाणाऱ्यानं त्याच्यासमोर उभं राहून मोठ्यानं सांगायचं, पाणी एवढं, प्रेशर एवढं, चार्ज घ्या. आणि येणाऱ्यानं तोंडानं म्हणायचं, घेतला. मान हलवलेली चालत नाही. ‘घेतला’ कानावर पडेपर्यंत जाणाऱ्याला सुटका नाही, मग घरी काही का असेना. एकदा तर घरी माझं लग्न होतं. बदलीवर यायचे कादरभाई, त्यांच्या सायकलची चेन तुटली, आणि आप्पा मांडवात पोचले ते अक्षता पडून गेल्यावर. शर्टाला तेलाचा वास. आईने पुढची वीस वर्षं ते ऐकवलं.

“कादरभाईंचा तरी काय दोष,” आप्पा म्हणाले. “चालत आला बिचारा. पण आला आणि घेतला म्हणाला.”

त्यांना सगळं आठवत होतं. कादरभाईंच्या सायकलीचा रंगसुद्धा. मी वाढताना उदयकडे बघितलं. आमच्या दोघांच्याही मनात एकच आलं असणार, की कुठे काय झालंय? इतका हुशार माणूस. उगाच आपण किटलीचं मनाला लावून घेतलं. मला इतकं हलकं वाटलं, की मी हरपालला आग्रह करून तिसरी पोळी वाढली.

दुपारी हरपालने जुना डबा उतरवला. त्याआधी मी कपाट रिकामं करत होते. दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याला आप्पांचं मराठी कॅलेंडर टांगलेलं होतं, मिरजेहून आणलेलं, गेल्या वर्षीचं. बॉयलरपाशी नोंद पाहिजे म्हणून त्यांनीच ते लावलं होतं आणि मी कधी उघडून बघितलं नव्हतं. आता काढताना पानं उलटली.

ऑगस्टच्या चौकटींत पेन्सिलीची एकेक बारीक बरोबरची खूण. रोज एक. पाणी दिलं की खूण करायची, डेअरीतली सवय. सप्टेंबरात काही चौकटींत दोन. नोव्हेंबरात चार, पाच. डिसेंबरच्या चौकटी भरून खुणा बाहेर आल्या होत्या. एका तारखेला मी अकरा मोजल्या. जानेवारीला पानच नव्हतं, तर त्या समासात गेल्या होत्या, एकाखाली एक, दाट, मुंग्यांसारख्या. खूण दिसत असणार त्यांना. पण ती आजची की कालची, हे कळत नसणार.

बाहेर आप्पा हरपालला काहीतरी सांगत हसत होते. मी कॅलेंडराची गुंडाळी केली आणि पिठाच्या डब्यात खुपसली. झाकण लावलं. हात धुतले.

चार वाजेपर्यंत टबात स्वच्छ पाणी पडायला लागलं. आप्पांनी ते पेल्यात धरून खिडकीपाशी बघितलं आणि मान्य केलं. नवीन डबा भिंतीवर चढला, पाणी भरलं गेलं, काटा सव्वावर थांबला. हरपालने त्या काट्यावर बोट ठेवून मला बजावलं, की आता याला कुणी हात लावायचा नाही. मी आप्पांना मराठीत सांगितलं, पण त्यांच्याकडे न बघता, सगळ्यांना मिळून सांगावं तसं. मग आप्पांनी डब्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, खोबऱ्याचा पहिला तुकडा हरपालला दिला. रेडिएटर कोमट व्हायला लागले. उदयने मोठ्या समारंभानं एक स्वेटर उतरवला. हरपाल कागद आणायला बाहेर गाडीकडे गेला.

तेवढ्यात शशीचा फोन. उदयने तो ओट्यावर ठेवून सगळ्यांना ऐकू येईल असा केला आणि माझ्याकडे बघितलं. मी सुरू केलं. आप्पांनी पेचकसानं गाळ कसा शोधला, उस्तादजी कसे झाले, सगळं रंगवून सांगितलं.

शशी खूश झाला. “बघ. मी काय म्हणत होतो? ठणठणीत आहेत. तू उगाच घोर लावून घेतेस, ताई. अठ्ठावीसला मी मुंबईला घ्यायला येतो, दुसऱ्या दिवशी मिरजेला सोडतो. लगेच निघावं लागेल मला, पण गॅस, दूध सगळं सांगून ठेवलंय.”

उदयने भुवया उंचावल्या. बोल, असं.

“हो,” मी म्हणाले. “बरं झालं सांगून ठेवलंस.”

हे मी म्हणाले. इतक्या वर्षांनी बाकी काही पुसट झालं असेल, पण ते ‘हो’ माझ्याच आवाजात अजून ऐकू येतं.

आणि त्याच्यामागून बारीक सळसळ ऐकू आली. नळीतून पाणी जातानाची. मी वळले. आप्पा कपाटापाशी उभे होते, एक हात चंदेरी नळीच्या नळावर, ओठांत पाचपर्यंत आकडे मोजत. चेहरा शांत, कामात असलेल्या माणसाचा. त्यांनी नळ बंद केला आणि दाराच्या आतल्या बाजूला बघितलं. तिथे नुसता खिळा होता. खिळ्याला हात लावला, खालीवर शोधलं. खूण कुठेच नव्हती. म्हणजे पाणी द्यायचं राहिलं होतं. त्यांनी पुन्हा नळ उघडला.

मी कॅलेंडर लपवलं होतं आणि त्यांचा शेवटचा आधार मीच काढून घेतला होता, हे मला तेव्हा, तिथे उभ्या उभ्या कळलं. तोवर किती वेळा नळ उघडून झाला होता कोण जाणे. काटा तीनला टेकला आणि बाहेर भिंतीवर पाणी पडल्याचा आवाज आला.

त्या आवाजानेच हरपाल आत आला. हातात कागद तसेच. त्याने काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. सकाळी मीच कबूल झाले होते ना.

“मैंने,” मी म्हणाले. “गलती से.”

“मालू, गप.”

आप्पांचा आवाज चढलेला नव्हता. ते काट्याकडे बघत होते. मग आपल्या हाताकडे. नळावरचा हात त्यांनी उचलला आणि तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा निरखला.

“माझं कॅलेंडर कुठाय?”

“असेल इथंच, आप्पा. सापडेल. बसा तुम्ही, चहा करते.”

“कुठाय?”

मी पिठाचा डबा उघडला. गुंडाळी काढून झटकली, त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती ओट्यावर दिव्याखाली पसरली, चष्मा सारखा केला आणि खुणांवरून बोट फिरवायला लागले. सावकाश. डिसेंबरच्या एका चौकटीपाशी थांबले, ओठ हलले. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पुढची चौकट. त्याच्या पुढची. समासापर्यंत आले तेव्हा बोटाला पीठ लागलं होतं.

“हॅलो?” शशी फोनमधून म्हणाला. “काय झालं? आवाज येत नाही मला.”

उदयने फोन बंद करायला हात पुढे केला.

“राहू दे,” आप्पा म्हणाले. “त्यालाही ऐकू दे.”

त्यांनी कॅलेंडराची घडी घातली. सदऱ्याचं वरचं बटण लावलं. कपाटाच्या दाराला एक हात टेकून ताठ उभे राहिले, आणि माझ्याकडे बघून मोठ्यानं बोलले, मागे यंत्राचा आवाज असल्यासारखं.

“प्रेशर तीन. पाणी किती वेळा दिलं, माहीत नाही. आज दिलं का काल, तेही माहीत नाही. माझ्या लक्षात राहत नाही आता. माझ्या एकट्याच्या भरवशावर काही पेटतं ठेवू नका.” ते श्वास घ्यायला थांबले. “मालू, चार्ज घे. मान हलवू नको. तोंडानं म्हण.”